तेरीज जुळली तरच नवं सॉफ्टवेअर

घरचा हिशेब संगणकावर ठेवणारी माणसं आमच्या सांगलीकडे आता बरीच आहेत. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले, त्यामुळे नात्यातली आणि गल्लीतली मंडळी हिशेबाचे प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा: "काकू, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आलीय. घेऊ का?"

मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही, आधी विचारते, "मागच्या 31 मार्चची तेरीज तुझ्याकडे आहे का?" पुष्कळांकडे ती नसते. मग तेरीज काढणं हे पहिलं काम आणि अपग्रेडचा विचार त्यानंतर. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलका एका कागदावर, नावे (डेबिट) एका बाजूला, जमा (क्रेडिट) दुसऱ्या बाजूला, दोन्ही बेरजा सारख्या. जुन्या सॉफ्टवेअरची तेरीज आणि नव्या सॉफ्टवेअरची तेरीज पैशापैशाने जुळली तर नवं वापरण्याजोगं आहे. जुळली नाही तर त्याचे रंगीत आलेख कितीही देखणे असोत, मला त्यांचा उपयोग नाही. हे कसं करायचं ते खाली लिहिते. मी स्वतः ग्नूकॅश वापरते, त्यामुळे उदाहरणं त्यातली आहेत. हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि दुहेरी नोंद पद्धतीवर, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना लिहून चालतं, म्हणून आमच्यासारख्या कीर्द-खतावणीत वाढलेल्या माणसाला ते जवळचं वाटतं. तुमचं दुसरं काही असेल तरी रीत तीच.

आधी ठरवा, अपग्रेड कशाचं?

"अपग्रेड" म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक, त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती. दोन, मोफत ॲपवरून पैसे भरून वरचा प्लॅन. तीन, दुसऱ्याच सॉफ्टवेअरकडे जाणं. पहिल्यात धोका सर्वांत कमी, तिसऱ्यात सर्वांत जास्त. आणि पुष्कळदा जे अडलेलं असतं त्याला यातलं काहीच लागत नाही.

याचं चांगलं उदाहरण 2017 सालचं आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात याहू फायनान्सने शेअरचे भाव फुकट उतरवून घेण्याची जुनी सोय बंद केली, आणि ग्नूकॅशसकट जगभरच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये भाव येणं थांबलं. लोकांना वाटलं, सॉफ्टवेअर जुनं झालं. प्रत्यक्षात ग्नूकॅश भाव आणण्यासाठी फायनान्स-कोट नावाचा वेगळा जोडभाग वापरतं, बदल तिथे करायचा होता. आपल्याकडच्या म्युच्युअल फंडांचे भाव तर हाच जोडभाग ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या यादीतून घेतो. ॲम्फी रोज सगळ्या योजनांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा (फंडातल्या एका हिश्श्याचा) भाव, एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये देते, त्यात योजनेचा कोड, नाव, भाव, तारीख अशी ओळ असते. तो कोड खात्याला एकदा नीट जोडला की भाव येत राहतात. म्हणून भाव येत नाहीत, स्टेटमेंट आत घेता येत नाही, छपाई बिघडते अशी एकच तक्रार असेल तर तेवढाच भाग दुरुस्त होतो का ते आधी बघा. नळ गळतो म्हणून कुणी घर बदलत नाही.

अपग्रेड करावंच लागेल अशी कारणं

माझ्या मते अशी कारणं थोडीच आहेत. पहिलं कारण सुरक्षिततेचं. विंडोज 7 चा आधार मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 ला थांबवला, विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. ज्या संगणकाला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत त्यावर बँकेची स्टेटमेंटं उतरवणं आणि सगळ्या कुटुंबाचा हिशेब ठेवणं मला मान्य नाही. संगणक बदलला की सॉफ्टवेअरही बहुधा बदलावं लागतं, तिथे वाद नको.

दुसरं कारण, तुमच्या व्यवहाराचं स्वरूपच बदललं आहे आणि जुन्यात ते बसत नाही. आतापर्यंत पगार, किराणा, वीजबिल एवढंच होतं, आता म्युच्युअल फंड आले, शेअर आले, वडिलांची जमीन नावावर आली. ग्नूकॅशची 5.0 आवृत्ती मार्च 2023 मध्ये आली, तिच्यात शेअरच्या व्यवहारांची नोंद पायरीपायरीने करून देणारा एक मदतनीस आला आणि कोणत्या खेपेचे शेअर कधी विकले हे दाखवणारा अहवाल आला. ज्याच्याकडे शेअर आहेत त्याच्यासाठी हे अपग्रेडचं खरं कारण आहे. ज्याच्याकडे फक्त बचत खातं आणि दोन ठेवी आहेत त्याला त्याचं काही नाही.

तिसरं कारण लोक फार सांगतात, ते म्हणजे कर. "नव्या प्लॅनमध्ये कॅपिटल गेनचा, म्हणजे भांडवली नफ्याचा, अहवाल मिळतो, काकू." इथे जरा थांबा.

करासाठी पैसे मोजायचे का

23 जुलै 2024 पासून भांडवली नफ्याचे नियम बदलले. इक्विटी फंड (शेअरमध्ये पैसा घालणारे) आणि सूचीबद्ध शेअर यांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर 10 टक्क्यांवरून 12.5 टक्के झाला, अल्प मुदतीच्या नफ्यावरचा 15 वरून 20 टक्के. वर्षाला एक लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त होता, ती मर्यादा सव्वा लाख झाली. म्हणजे 2024-25 या एकाच आर्थिक वर्षात एकाच फंडातून 20 जुलैला काढलेल्या पैशाला एक दर आणि 25 जुलैला काढलेल्या पैशाला दुसरा. त्यात 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेल्या अशा युनिटसाठी 31 जानेवारी 2018 चा भावही बघायचा असतो. डेट फंडाचं (कर्जरोख्यांत पैसा घालणाऱ्या फंडाचं) तर आणखी वेगळं: 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या युनिटवरचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी अल्प मुदतीचाच धरतात आणि तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. त्यातच 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाला.

एवढं सगळं वाचून माणूस घाबरतो आणि वरचा प्लॅन घेतो. माझं स्पष्ट मत आहे की म्युच्युअल फंडाच्या करासाठी सॉफ्टवेअरला पैसे देण्याची गरज नाही. कॅम्स आणि केफिनटेक या दोन नोंदणी संस्था भांडवली नफ्याचं विवरण तुमच्या ईमेलवर फुकट पाठवतात. शेअर असतील तर ब्रोकर देतो. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, 2021 च्या नोव्हेंबरपासून मिळतं, त्यात व्याज, लाभांश आणि विक्री दिसते. घरच्या सॉफ्टवेअरकडून एवढीच अपेक्षा ठेवा की प्रत्येक खरेदीची तारीख, युनिट आणि किंमत त्यात नीट राहावी, म्हणजे या विवरणांशी ताडून बघता येईल.

याला एक अपवाद आहे, आणि तो मध्यमवर्गीय घरात नेहमी येतो. वारसाने आलेले युनिट किंवा शेअर. वडील गेले, त्यांचे युनिट आईच्या किंवा मुलाच्या नावावर झाले. कर मोजताना खरेदीची किंमत वडिलांची धरायची असते आणि किती काळ धारण केले तेही वडिलांच्या खरेदीपासून. नव्या फोलिओच्या, म्हणजे फंडातल्या नव्या खात्याच्या, विवरणात मात्र ही मूळ तारीख आणि मूळ किंमत पुष्कळदा दिसत नाही. सोन्याचंही तसंच. अशा वेळी तुमच्या स्वतःच्या हिशेबाला खरी किंमत येते. म्हणून नवं सॉफ्टवेअर बघताना मी एक गोष्ट जरूर तपासते: जुन्या तारखेने, प्रत्यक्ष पैसे न जाता, मूळ किमतीसकट युनिट आत घेता येतात का? काही ॲप फक्त आजच्या भावाने खातं उघडतात. तसं असेल तर वारसाचा हिशेब तिथे नेऊ नका.

ऊसबिलाची परीक्षा

सॉफ्टवेअर शहरातल्या पगारदार माणसाला समोर ठेवून बनवलेलं असतं. आपला व्यवहार त्यात बसतो का हे आपणच बघावं लागतं. माझी त्यासाठीची परीक्षा ऊसबिलाची आहे. तुमच्याकडे ऊस नसेल तर पगाराची स्लिप घ्या, तिच्यातही कपाती असतात.

समजा 60 टन ऊस गेला आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला 3,200 रुपये दर पडला. बिल झालं 1,92,000 रुपयांचं. त्यातून विकास सोसायटीच्या पीककर्जाची कपात 95,000, कारखान्याकडून उधार घेतलेल्या खताचे 12,300, पाणीपट्टी 4,500 आणि ठेवीची कपात 600. जिल्हा बँकेतल्या खात्यावर जमा झाले 79,600.

फोनवरचं ॲप बँकेचा मेसेज वाचतं आणि लिहितं: उत्पन्न 79,600. इथून पुढे सगळं बिघडतं. सोसायटीचं कर्ज हिशेबात 95,000 तसंच उभं राहतं, प्रत्यक्षात ते फिटलेलं असतं. खताचा आणि पाण्याचा खर्च कुठेच येत नाही, त्यामुळे एकराला काय सुटलं हे कळत नाही. ठेवीचे 600 रुपये आपलेच असून हिशेबातून गायब होतात. आणि शेतीचं उत्पन्नही चुकीचं लागतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न वर्षाला 5,000 च्या पुढे असेल तर कराचा दर ठरवताना ते मिळवून धरतात. शिवाय 5,000 च्या पुढे गेलं की आयटीआर-1 हा सोपा फॉर्म चालत नाही. निवृत्तिवेतन आणि थोडी शेती अशी स्थिती आमच्या भागात घरोघरी आहे, त्यामुळे हा आकडा नीट असायला हवा.

दुहेरी नोंदीत हेच बिल एका व्यवहारात बसतं. ऊस उत्पन्न खाते जमा 1,92,000. बँक नावे 79,600, सोसायटी कर्ज नावे 95,000, खत खर्च नावे 12,300, पाणीपट्टी नावे 4,500, कारखाना ठेव नावे 600. दोन्ही बाजू 1,92,000. ग्नूकॅशमध्ये याला स्प्लिट म्हणतात. जे सॉफ्टवेअर एका रकमेचे असे पाच भाग करू देतं, आणि त्यातला एखादा भाग कर्जाच्या खात्यावर टाकू देतं, ते या परीक्षेत पास. फक्त "वर्गवारी निवडा" एवढंच देत असेल तर नापास, मग त्याची वर्गणी वर्षाला कितीही असो.

दुसरी छोटी परीक्षा एसआयपीची, म्हणजे फंडातल्या ठरावीक हप्त्याची. 1 जुलै 2020 पासून म्युच्युअल फंडाच्या खरेदीवर 0.005 टक्के मुद्रांक शुल्क आहे. पाच हजाराच्या हप्त्यातले 25 पैसे शुल्कात जातात, 4,999.75 रुपयांचे युनिट मिळतात. भाव 82.4517 असेल तर युनिट येतात 60.639, म्हणजे तीन दशांश. नव्या सॉफ्टवेअरमध्ये हा एक व्यवहार लिहून बघा. 25 पैसे वेगळे दाखवता आले पाहिजेत, युनिट 60.639 च राहिले पाहिजेत आणि भाव चार दशांशांपर्यंत लिहिता आला पाहिजे. 60.64 झालं तर ते सॉफ्टवेअर दोन दशांशांवर आकडा मोडतंय. एका हप्त्यात हे काहीच नाही, पण दहा वर्षांच्या हप्त्यांनंतर फंडाच्या स्टेटमेंटशी युनिटचा मेळ बसणार नाही आणि फरक कुठला ते शोधताही येणार नाही.

बाहेर पडायचा रस्ता

आत जाण्याआधी बाहेर कसं पडायचं ते बघावं. मायक्रोसॉफ्ट मनी हे घरच्या हिशेबाचं एके काळी नावाजलेलं सॉफ्टवेअर होतं. 2009 मध्ये त्याची विक्री थांबली आणि पुढच्या वर्षी जुन्या ग्राहकांसाठी शेवटची मोफत आवृत्ती काढली गेली, तिचं नावच सनसेट होतं. अमेरिकेतलं मिंट हे हिशेबाचं ॲप इंट्यूट कंपनीने 2009 मध्ये घेतलं आणि मार्च 2024 मध्ये बंद केलं. तिथे मुलंबाळं असलेल्या मराठी घरांना हे ठाऊक असेल. तिथलंच क्विकन हे हिशेबाचं सॉफ्टवेअर अजून चालू आहे, पण 2018 च्या आवृत्तीपासून ते वर्गणीवर गेलं. आपल्याकडे वॉलनट हे मेसेज वाचून खर्च मांडणारं ॲप घराघरांत होतं, 2018 मध्ये ते कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीकडे गेलं आणि पुढे त्याचं नाव ॲक्झिओ झालं. मालक बदलले की ॲपचा हेतू बदलू शकतो, आणि मोफत ॲप चालवायला पैसा कुठून येतो हा प्रश्न वापरणाऱ्याने विचारलाच पाहिजे.

म्हणून पैसे भरण्याआधी, चाचणीच्या काळातच, "एक्स्पोर्ट" (माहिती बाहेर काढा) दाबा आणि काय बाहेर येतं ते उघडून बघा. फक्त पीडीएफ येत असेल तर तो रस्ता नव्हे, पीडीएफ दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ जात नाही. सीएसव्ही (ओळी-स्तंभांची साधी मजकूर फाइल) येत असेल तर तिच्यात ऊसबिलाचे पाच भाग पाच ओळींत आहेत की एकाच ओळीत 79,600 आहे ते बघा. खात्यांची नावं देवनागरीत असतील तर तीही तपासा. सीएसव्ही एक्सेलमध्ये सरळ उघडली तर "सोसायटी कर्ज" ऐवजी भलतीच अक्षरं दिसू शकतात. तेव्हा घाबरू नका, फाइल "डेटा" मेनूतून आत घेताना यूटीएफ-8 (देवनागरी अक्षरं नीट वाचणारी पद्धत) निवडा आणि मग बघा. तरीही प्रश्नचिन्हंच दिसत असतील तर नावं खरोखरच गेली. एक्सेलची आणखी एक खोड आहे: लांबलचक खाते क्रमांक तो आकडा समजून आखडता घेतो आणि पंधरा अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतो. तो स्तंभ मजकूर म्हणून आत घ्या आणि तपासणीसाठी उघडलेली फाइल जतन न करता बंद करा.

ग्नूकॅशची फाइल म्हणजे आवळून ठेवलेला एक्सएमएल मजकूर असतो. सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी जाणकार माणूस ती उघडून वाचू शकतो. मला त्यावर राहण्याचं हे मोठं कारण वाटतं.

बँक आपोआप जोडणारे प्लॅन

वरच्या प्लॅनची जाहिरात हल्ली "सगळी खाती आपोआप" अशी असते. यामागे बहुधा अकाउंट ॲग्रिगेटर ही, तुमच्या संमतीने बँकेतली माहिती ॲपकडे पोचवणारी, व्यवस्था असते. रिझर्व्ह बँकेने तिचे नियम सप्टेंबर 2016 मध्ये काढले आणि सप्टेंबर 2021 मध्ये ती सुरू झाली. व्यवस्था मला चांगली वाटते: कुठली माहिती, कशासाठी, किती काळ हे संमतीत लिहिलेलं असतं, संमती परत घेता येते, आणि मधली संस्था माहिती वाचू शकत नाही, ती बंद पाकिटात पुढे देते. बँकेचा पासवर्ड कुणालाही द्यावा लागत नाही. एखादं ॲप नेटबँकिंगचा पासवर्ड मागत असेल तर ते तिथेच काढून टाका.

पण आपल्या घरच्या पैशांतला किती भाग यात येतो ते मोजा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नाहीत, त्या सहकार खात्याकडे येतात, त्यामुळे तिथली ठेव या व्यवस्थेत येत नाही. सोनं येत नाही. भिशी येत नाही. भावाला दिलेले उसने पैसे येत नाहीत. ज्याचा पगार एका मोठ्या बँकेत आणि सगळी गुंतवणूक फंडात, त्याला हा प्लॅन सोयीचा पडेल. ज्याची अर्धी पुंजी पतसंस्थेत आणि सोन्यात आहे त्याने अर्ध्या हिशेबासाठी पूर्ण वर्गणी का भरावी? आणि संमती देताना मुदत वाचा. महिन्याचा हिशेब बघायला पाच वर्षांची संमती लागत नाही.

तपासणी कशी करायची

आता मुख्य काम. एक निवांत दुपार ठेवा.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या खात्यांचा मेळ 31 मार्चपर्यंत पासबुकाशी घाला. आधीच फरक असेल तर तो नव्यात नेऊ नका. मग त्या तारखेची तेरीज काढा. ग्नूकॅशमध्ये ती रिपोर्ट्स मेनूत उत्पन्न-खर्चाच्या अहवालांत ट्रायल बॅलन्स नावाने आहे. तारीख 31 मार्च लावा, पीडीएफ करा आणि कागदावरही छापा. सोबत प्रत्येक फंडाचे युनिट किती ते लिहून घ्या. किंमत नको, किंमत रोज बदलते, युनिट बदलत नाहीत. कर्जांची बाकी लिहा. मग सगळी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये नक्कल करा आणि पेनड्राइव्हवर आणखी एक ठेवा. ग्नूकॅश आपणहून तारीख-वेळ लावून जुन्या प्रती त्याच फोल्डरमध्ये ठेवतं, पण त्या साधारण महिनाभरच राहतात, नंतर काढल्या जातात. त्यांच्यावर विसंबू नका.

नवी आवृत्ती नकलेवर उघडा, मूळ फाइलवर कधीच नाही. याचं कारण नीट समजून घ्या. नव्या आवृत्तीतली एखादी नवी सोय वापरली की फाइलवर तशी खूण पडते, आणि मग जुनी आवृत्ती ती फाइल उघडायला नकार देते: या फाइलमधल्या सोयी आपल्याला माहीत नाहीत, नवीन आवृत्ती वापरा असं सांगते. म्हणजे परतीचा रस्ता बंद. फार जुन्या आवृत्तीवरून येत असाल, समजा 2.6 वरून, तर एकदम 5 वर उडी मारू नका. 3 आणि 4 च्या शेवटच्या आवृत्त्यांमधून एकेकदा फाइल उघडून जतन करत या. वेळ लागतो, पण प्रत्येक टप्प्यावर तेरीज बघता येते.

नव्यात त्याच तारखेची तेरीज काढा आणि दोन कागद शेजारी ठेवून एकेक ओळ टिक करत जा. फक्त खालची बेरीज जुळली म्हणून थांबू नका. दोन बँक खात्यांतली रक्कम इकडची तिकडे झाली तरी बेरीज जुळतेच. ग्नूकॅशमध्ये "इम्बॅलन्स-आयएनआर" नावाचं खातं आहे का ते खास बघा. ज्या नोंदीची दुसरी बाजू सापडत नाही ती तिथे जाऊन पडते. जुन्यात ते खातं नव्हतं आणि नव्यात उगवलं, तर एखादी नोंद मोडली आहे. खातं उघडा, तारीख बघा, जुन्यात तीच नोंद शोधा. फरक 5 रुपयांचा असो की 5 पैशांचा, तो "किरकोळ खर्च" करून उडवायचा मोह टाळा. कारखान्यात आम्हाला शिकवलं होतं की लहान फरकाखाली दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात, आणि ते अगदी खरं आहे.

पुतण्याने मागच्या वर्षी असाच एक ॲप बदलायचा घाट घातला होता. त्याला म्हटलं, "आधी तेरीज आण." तो म्हणाला, "काकू, बेरीज तर जुळतेय." ओळी टिक करायला बसलो, तर मुदत ठेवीचं व्याज उत्पन्नात दोनदा आलेलं आणि तेवढीच रक्कम ठेवीतही वाढलेली. दोन्ही बाजूंना चूक सारखी, म्हणून त्या कागदाची बेरीज बरोबर, पण ठेवीची शिल्लक पावतीपेक्षा जास्त. त्याने दोनदा पडलेल्या नोंदी काढून टाकल्या, ओळी पुन्हा टिक केल्या आणि मगच नवं ॲप घेतलं.

तेरीज जुळल्यावरही महिनाभर दोन्हीकडे नोंदी करा. कंटाळा येतो, पण नवं सॉफ्टवेअर रोज वापरायला कसं आहे हे तेव्हाच कळतं. किराण्याची एक नोंद करायला किती वेळा बोट दाबावं लागतं, तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहिता येते का, आकडे 12,34,567 असे आपल्या पद्धतीने दिसतात का. ज्यात नोंद करणं जड जातं त्यात तिसऱ्या महिन्यापासून नोंदी राहू लागतात, आणि नोंदी राहिल्या की बाकी सगळं फोल.

कधी करावं, कधी नाही

मार्चअखेरीस नाही, रिटर्न भरायच्या दिवसांत तर मुळीच नाही. आम्हाला सोयीचा काळ श्रावण-भाद्रपद: रिटर्न बहुधा भरून झालेलं असतं, गाळप हंगाम सुरू व्हायचा असतो, ऊसबिलं यायला अवकाश असतो. नोकरदारांनी आपापला सैल महिना शोधावा. घरात लग्न, आजारपण, घरबांधणी चालू असेल तर एक वर्ष थांबलं तरी काही बिघडत नाही.

आणि ज्याला अपग्रेडची गरजच नाही अशी माणसं बरीच आहेत. खाती जुळतात, भाव येतात, संगणकाला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, रिटर्नला लागणारे आकडे निघतात, तर कोपऱ्यातली "नवी आवृत्ती" ही चिठ्ठी खुशाल बंद करा. त्याच आवृत्तीतल्या छोट्या दुरुस्त्या मात्र घेत राहा, त्या बहुधा चुका सुधारण्यासाठीच असतात.

बदललंत तर जुनं सॉफ्टवेअर लगेच काढू नका. त्याची बसवायची फाइल, हिशेबाची शेवटची फाइल आणि तेरजेची पीडीएफ एका फोल्डरमध्ये ठेवा, नावात तारीख लिहा. जमीन, सोनं, फंड यांची खरेदी ज्या फाइलमध्ये आहे ती फाइल त्यांची विक्री होऊन कर भरून होईपर्यंत लागते, मग त्याला वीस वर्षं लागोत. फोल्डर कुठे आहे आणि पासवर्ड काय हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या, आणि वर्षातून एकदा त्याच्याकडूनच ती फाइल उघडून घ्या.